हत्यार जमा करण्याचा शेवटचा दिवस

सकाळी दहाच्या सुमारास पोलीस ठाण्यातून हवालदार अर्जुनरावांचा फोन आला, तेव्हा बबनराव गॅलरीत बसून दाढी करत होते.

"बबनराव, निवडणुकीची आचारसंहिता लागून बारा दिवस झाले. हद्दीतल्या सगळ्या परवानेवाल्यांनी हत्यारं जमा केली. तुमचं एकट्याचं राहिलंय."

"आणतो की. घरातच तर हाय."

"आज पाचपर्यंत. त्यानंतर माझ्या हातात काही राहत नाही, आधीच सांगतो. साहेब नवीन आहेत."

बबनरावांनी उरलेली अर्धी दाढी घाईघाईत उरकली. रहाटणीतल्या जुन्या शेतकरी घराण्यांपैकी ते एक. बावीस वर्षांपूर्वी घराभोवती ऊस होता, वस्तीवर दिव्याचा खांब नव्हता आणि शेजारच्या मळ्यावर दरोडा पडला होता. तेव्हा त्यांनी खटपट करून परवाना काढला आणि रिव्हॉल्व्हर घेतलं. पुढे ऊस गेला, चारी बाजूंनी इमारती आल्या, मळ्याच्या जागी जिम आणि मोमोजची गाडी आली. बबनरावांनीही तीन मजले चढवून खोल्या भाड्याने दिल्या. रिव्हॉल्व्हर मात्र राहिलं. बावीस वर्षांत ते एकदाही झाडलं गेलं नव्हतं. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागे, झेंडूचं फूल मिळे आणि मग ते लाकडी पेटीत गोधड्यांच्या खाली पुढच्या दसऱ्यापर्यंत झोपे.

हा क्रम तीन महिन्यांपूर्वी मोडला. नात दिव्या, वय वर्षं चार, एका दुपारी पेटीत शिरली आणि रिव्हॉल्व्हर घेऊन बाहेर आली. आई पार्लरला गेली की ती सोबत जात असे, त्यामुळे ही वस्तू कशासाठी असते हे तिला बघताक्षणी समजलं. सून मोनिका खोलीत आली तेव्हा दिव्या बाहुलीला मांडीवर घेऊन तिचे केस वाळवत होती. तोंडाने "सूंऽऽ" असा आवाजही काढत होती.

मोनिका चाकणच्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर होती. रोज सकाळी चारशे कामगारांना हेल्मेट, बूट आणि हातमोज्यांवर भाषण देणाऱ्या त्या बाईने त्या दिवशी आवाज न चढवता लेकीच्या हातातून वस्तू काढून घेतली, सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "आबा, उद्या तिजोरी येईल. हत्यार तिजोरीत आणि गोळ्या वेगळ्या, दुसऱ्या कपाटात. नंबर फक्त तुम्हाला माहीत असेल. कुणाच्या वाढदिवसाचा ठेवायचा नाही."

सुनेने आपल्याला शिकवावं हे बबनरावांना आवडलं नव्हतं. पण दिव्याचा "सूंऽऽ" त्यांच्याही कानातून जात नव्हता. त्यामुळे चार आकडी कुलपाची पोलादी तिजोरी आली, गवंड्याने ती झोपायच्या खोलीतल्या कोनाड्यात सिमेंटने बसवली आणि बबनरावांनी सगळ्यांना बाहेर काढून, दार लावून, तिचा नंबर ठरवला.

तो नंबर आता त्यांना आठवत नव्हता.

पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं जन्मसाल दाबलं. तिजोरीने तांबडा दिवा दाखवला. मग एक जून दाबली. ही त्यांची जन्मतारीख मास्तरांनी शाळेत घालताना दिलेली होती, आणि त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच होती. पुन्हा तांबडा दिवा. मग सातबारा आठवून शून्य सात एक दोन दाबलं. तिजोरीने मोठ्याने शिट्टी दिली आणि वीस मिनिटांसाठी बोलणं बंद केलं.

शिट्टी ऐकून बायको गोजाबाई आल्या. "काय चाललंय?"

"काय न्हाई. नंबर जरा इसरलोय."

"आन किल्ल्या? दोन किल्ल्या आल्या व्हत्या की संगं."

"त्या हरवू नयेत म्हणून नीट ठेवल्यात."

"कुठं?"

बबनरावांनी तिजोरीकडे बोट केलं. गोजाबाईंनी पदराने घाम पुसला. त्या दिवशी त्यांना नेहमीपेक्षा जास्त घाम येत होता. बबनरावांचं तिकडे लक्ष नव्हतं.

वीस मिनिटांनी त्यांनी मुलाच्या, कुलदीपच्या, लग्नाची तारीख दाबली. मागे मोनिका येऊन उभी राहिली होती. तिचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस होता. ती म्हणाली, "आबा, आमचं लग्न मेमध्ये झालं. तुम्ही डिसेंबर दाबताय." आणखी दोन तारखा झाल्या, आणखी एक शिट्टी झाली. साडेअकरा वाजले.

तिजोरीच्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने नाव, पत्ता आणि पावतीचा क्रमांक विचारून घेतला आणि कारागीर तीन कामकाजाच्या दिवसांत येईल असं गोड आवाजात सांगितलं. पोलीस ठाण्याला फोन लावला तर अर्जुनराव म्हणाले, "आमचा सगळा स्टाफ बंदोबस्ताला आहे. हत्यार इथं आणायची जबाबदारी तुमची. कसंही आणा."

"कसंही आणा म्हणत्यात," बबनरावांनी फोन ठेवत सांगितलं. "म्हंजे तिजोरीसकट नेली तरी चालंल."

कल्पना वाईट नव्हती. ज्या कोनाड्यात तिजोरी बसवली होती, त्यामागे एकच चार इंची विटेची भिंत होती आणि भिंतीपलीकडे भाडेकरू ज्ञानेशची खोली. ज्ञानेश लातूरकडचा, पत्रे दाबणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये फिटर. त्याला बोलवायचं, पलीकडून विटा काढायच्या आणि तिजोरी अख्खी ओढून घ्यायची. बबनराव हातोडा शोधायला उठले.

"एक मिनिट," मोनिका म्हणाली. "हातोड्याच्या आधी एक विचारते. आत आहे ते रिकामं आहे ना?"

"म्हंजे?"

"गोळ्या वेगळ्या कपाटात ठेवल्यात ना, आबा?"

बबनराव हातोड्याची मूठ तपासू लागले. ती चांगली घट्ट होती.

"आबा."

"आता घराच्या राखणीला ठेवल्यालं हत्यार," बबनराव खालच्या आवाजात म्हणाले, "ते रिकामं ठिवून काय करायचं? चोराला काय थांब म्हणायचं, मी कपाट उघडून येतो?"

"किती आहेत?"

"सहा."

मोनिका शांतपणे स्वतःच्या खोलीत गेली आणि कंपनीची पिवळी-काळी पट्टी घेऊन आली. पाच मिनिटांत झोपायच्या खोलीच्या दाराला आडवी पट्टी लागली. दिव्याला खाली, पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात पोचवण्यात आलं. मग मोनिकाने विचारलं, "आत कसं ठेवलंय? नळीचं तोंड कुठल्या बाजूला आहे?"

बबनरावांनी डोळे मिटून आठवलं. मूठ दाराकडे, म्हणजे हात घातला की पटकन हातात यावी. म्हणजे तोंड मागे. म्हणजे भिंतीकडे.

भिंतीपलीकडे, अगदी त्याच उंचीला, ज्ञानेशच्या बायकोचा, विजयश्रीचा ओटा होता.

हे दोघांना सांगायचं काम बबनरावांवर आलं. ज्ञानेश रात्रपाळी करून आला होता आणि चादर डोक्यावर घेऊन झोपला होता. विजयश्री ज्वारीची भाकरी थापत होती. दारात घरमालक बघून तिने पीठ झटकलं.

"काका, भाडं तर दिलंय की हो."

"भाड्याचं न्हाई. तू जरा त्या ओट्यापासून बाजूला हो बरं, पोरी."

"तव्यावर भाकर आहे."

"भाकर जळू दे."

तीन महिने ती ज्या भिंतीकडे तोंड करून रोज सकाळ-संध्याकाळ भाकरी थापत होती, त्या भिंतीत काय होतं हे बबनरावांनी शक्य तितक्या थोडक्यात सांगितलं. विजयश्रीने गॅस बंद केला, नवऱ्याचा पाय हलवला आणि म्हणाली, "अहो, उठा. काकाची बंदूक आपल्या भाकरीवर धरलेली आहे म्हणं."

ज्ञानेश उठून बसला. झोपेत त्याला जेवढं कळलं तेवढ्यावर त्याने दोन्ही हात वर केले.

बबनरावांना त्या क्षणी फार वाईट वाटलं. या पोरांनी खोली सोडून जायची भाषा केली असती तर त्यांना एक शब्द बोलता आला नसता. पण ज्ञानेशने सगळं ऐकून घेतलं, तोंडावर पाणी मारलं आणि छिन्नी काढली.

"समोरून न्हाई, कडंकडंनं फोडू काका. मी आडवा बसतो. ताई, तुम्ही सांगा कसं बसायचं ते. आमच्या कंपनीत पण असंच सांगतेत, मशीनच्या तोंडापुढं उभं राहू नका म्हणून."

मोनिकाने त्याला जागा दाखवली, स्वतःचं हेल्मेट दिलं आणि कुणाला त्या रेषेत येऊ दिलं नाही. ज्ञानेश एका अंगावर झोपून हलक्या हाताने छिन्नी मारत होता. प्रत्येक ठोक्याला पलीकडे गोजाबाई "हळू रे बाबा" म्हणत होत्या. अलीकडे विजयश्री "हळू हो" म्हणत होती. दोन्हीकडून "हळू" ऐकून ज्ञानेशने शेवटी विनंती केली की, एकीनेच म्हणावं.

दोन वाजता विटा निघाल्या. अडीच वाजता तिजोरी सिमेंटच्या पापुद्र्यांसह ओट्यावर आली, आणि नळीचं तोंड जमिनीकडे होईल अशी ती पाठीवर आडवी करून चौघांनी गोधडीत गुंडाळली. भिंतीत आरपार चौकोनी भोक पडलं होतं. त्यातून पलीकडच्या गोजाबाई दिसत होत्या. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, तुझी खोली छान ठेवलीस की. मी कधी बघितलीच न्हवती."

टेम्पो ठरवला. मागे तिजोरी, तिच्या दोन बाजूंना ज्ञानेश आणि बबनराव. पुढे चालकाशेजारी मोनिका, मांडीवर परवान्याची फाइल. गोजाबाईंनी घरी थांबावं असं ठरलं होतं, पण त्या चप्पल घालून टेम्पोत चढल्या आणि उतरायला तयार झाल्या नाहीत. काळेवाडीच्या रस्त्यावर गतिरोधक किती आहेत हे बबनरावांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. प्रत्येक गतिरोधकाला टेम्पो जवळजवळ थांबून, एकेका चाकाने उतरत होता. मागचे दुचाकीवाले हॉर्न वाजवत होते. एकाने बाजूला येऊन विचारलं, "मावशी, आत कोण आजारी आहे का?"

"व्हय बाबा," गोजाबाई म्हणाल्या. "जपून न्यावं लागतंय."

चार वाजून दहा मिनिटांनी तिजोरी पोलीस ठाण्याच्या अंगणात उतरली. अर्जुनरावांनी गोधडी उचलून बघितलं.

"हे काय आहे?"

"रिव्हॉल्व्हर."

"बबनराव, मी तीस वर्षं नोकरी केली. रिव्हॉल्व्हर ओळखतो मी. ही तिजोरी आहे. मला हत्यार डोळ्यांनी बघून त्यावरचा नंबर परवान्याशी ताडून घ्यावा लागतो, तेव्हा पावती देता येते."

"ही उघडत न्हाई. आन ते भरल्यालं हाय."

अर्जुनराव दोन पावलं मागे सरले. अंगणात मोबाइल हरवल्याची तक्रार द्यायला आलेले दोघेजण होते, तेही मागे सरले. मोनिकाने नळीचं तोंड खाली कसं आहे ते समजावलं आणि सगळ्यांना बाजूच्या भिंतीआड उभं केलं. दोन मिनिटांत अख्खं ठाणं तिच्या सांगण्याप्रमाणे उभं होतं. अर्जुनरावांनी भिंतीआडूनच हात पुढे केला.

"परवाना तरी द्या. कागद भरून ठेवतो. हत्याराचा प्रकार, रिव्हॉल्व्हर. बोअर बत्तीस. हत्यार क्रमांक…" त्यांनी चष्मा वर केला. "पुढची अक्षरं पुसट आहेत. शेवटचे आठ, चार, सहा, एक."

"काय म्हणालात?" बबनरावांनी विचारलं.

"आठ, चार, सहा, एक."

बबनराव भिंतीआडून निघाले आणि बाजूने जाऊन तिजोरीपाशी बसले. कुणाचाही वाढदिवस नको म्हणून विचार करकरून त्यांनी त्या दिवशी रिव्हॉल्व्हरवरचाच नंबर निवडला होता. वर स्वतःशी म्हटलंही होतं की, विसरलोच तर परवान्यावर लिहिलेला आहे. परवाना सकाळपासून फाइलीत होता आणि फाइल आधी टेबलावर, मग मोनिकाच्या मांडीवर होती.

हिरवा दिवा लागला. दार कुरकुर न करता उघडलं. बबनराव हात घालणार तेवढ्यात अर्जुनरावांनी त्यांना अडवलं आणि स्वतः पुढे झाले. सावकाश रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं, तोंड खाली ठेवून चकरी उघडली आणि तळहातावर उपडी केली. एकामागे एक सहा गोळ्या पडल्या.

ज्ञानेशने हेल्मेट काढून हातात घेतलं. त्याच्या ओट्यासमोर तीन महिने काय होतं ते आता तो तळहातावर बघत होता.

"जमा करून घेतो," अर्जुनराव शेवटी म्हणाले. "पावती करतो. बसा बाहेर. आणि बबनराव, या सूनबाईंचं ऐकत जा."

बाहेर बाकावर चौघं बसले. पावतीला वेळ लागत होता. मोनिकाने मांडीवरची फाइल मिटली. मग म्हणाली, "आबा, त्या दिवशी दिव्याच्या हातात होतं, तेव्हाही असंच भरलेलं होतं का?"

बबनरावांनी मान हलवली. "न्हाई. त्या दिशी तू माझ्यापुढं ठिवलंस, मी आत जाऊन उघडलं. रिकामं व्हतं. माझ्या हातानं दसऱ्याला भरलं व्हतं मी. सहाच्या सहा. कुठं गेल्या, मला कळंना. तुला सांगायचा धीर झाला न्हाई. म्हटलं, भैरोबानंच पोरीला वाचवलं. तवापासनं दर रविवारी देवळात नारळ फोडतोय. मग नव्या गोळ्या आणून भरल्या. म्हटलं, आता तिजोरी हाय, आता कुणाचा हात लागत न्हाई."

गोजाबाई बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला.

"त्या बाजरीच्या कोठीत हायत," त्या म्हणाल्या.

"काय?"

"गोळ्या. तुमी दसऱ्याला भरायचा, मी दुसऱ्या दिशी काढायची. फुडच्या दसऱ्याच्या आदल्या दिशी परत भरून ठिवायची. बावीस वरीस झाली. कुलदीप ल्हान व्हता तवापासनं. तुमाला सांगितलं असतं तर तुमी ऐकलं नसतं." त्यांनी तिजोरीकडे बघितलं. "ही आली आन माझा हात पोचंना झाला. नंबर तुमी कुणाला सांगंना. तीन महिनं मला नीट झोप न्हाई."

बबनराव बायकोकडे बघत राहिले. बावीस वर्षं आपण घराची राखण करतोय असं समजून ते निवांत झोपले होते. घराची राखण चालू होती हे खरंच होतं. फक्त ती करणारं माणूस वेगळं होतं.

मोनिका उठली आणि सासूच्या पायाशी वाकली. गोजाबाईंनी तिला खांद्याला धरून वर ओढलं. "अगं, पोलीस ठाण्यात काय पाया पडतीस. लोक काय म्हणतील."

"त्या जुन्या गोळ्याही उद्या जमा करायच्या, आई," डोळे पुसत मोनिका म्हणाली. "बाजरीत ठेवायच्या नाहीत."

"बरं," गोजाबाई म्हणाल्या.

बबनराव समोरच्या टपरीवर गेले आणि पाच चहा घेऊन आले. पहिला पेला त्यांनी गोजाबाईंना दिला. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. त्यांनी स्वतः हातात आणून दिलेला हा पहिला चहा होता, आणि गोजाबाईंना तो पाणचट लागला तरी त्यांनी तसं सांगितलं नाही. दुसरा सुनेला दिला, तिसरा ज्ञानेशला. "तुझी झोप मोडली रे," ते म्हणाले. ज्ञानेश म्हणाला, "झोपंचं काय काका, कायमची लागली न्हाई हे बरं." पाचवा चहा अर्जुनरावांना गेला.

दुसऱ्या दिवशी भिंत बुजवायला गवंडी आला. पण भोकाच्या पलीकडून विजयश्री गरम भाकरीवर ठेचा ठेवून देत होती आणि अलीकडून गोजाबाई तिला ताकाचं भांडं देत होत्या. दोघींनी त्याला मोजमाप घेऊ दिलं नाही. गवंड्याने बबनरावांकडे बघितलं. बबनराव भाकरी खात होते. "लाकडी झडप बसव," ते म्हणाले. "दोन्हीकडनं उघडंल अशी."

निवडणूक संपली, निकाल लागले, आचारसंहिता उठली. ठाण्यातून हत्यार घेऊन जाण्याचा निरोप आला. बबनराव गेले ते कायमचं जमा करण्याचा अर्ज देऊन आले. त्या अर्जाच्या चौकशीसाठी आठवड्याने अर्जुनराव घरी आले. तिजोरीची जागा बघून त्याच खोलीत बसून त्यांनी कागद काढला.

"का जमा करताय?"

"गरज न्हाई."

"असं चालत नाही, कारण लिहावं लागतं. परवाना घराच्या संरक्षणासाठी घेतला होता. आता संरक्षणाची दुसरी काही व्यवस्था आहे का?"

बबनराव उत्तर शोधत होते, तेवढ्यात भिंतीतली झडप उघडली. पिठाचे हात बाहेर ठेवून विजयश्रीने आत डोकावलं.

"काका, कोन आलंय? जिन्यावर चपला वाजल्या, पण ओळखीच्या वाटल्या न्हाईत. ह्यांना उठवू का?"

तिच्या मागे चादर हलली आणि ज्ञानेशचं डोकं वर आलं. दारातून गोजाबाईही पाहुणा बघायला आल्या होत्या, त्यांच्या कडेवर दिव्या होती.

अर्जुनरावांनी चौघांकडे एकवार बघितलं, पेनाचं टोपण काढलं आणि कागदावर लिहिलं, "आहे."